पडदा सरळ ठेवणारा आकडा

माझी बायको बदनापूरजवळच्या जिल्हा परिषद प्रशालेत गणित आणि विज्ञान शिकवायची. मी नवीन जालन्यातल्या एका बियाणे कंपनीच्या प्रयोगशाळेत कामाला आहे. ओल्या कागदावर बी मांडायचं आणि आठवड्यानं किती उगवलं ते मोजायचं, एवढंच माझं काम. आम्ही राहतो बदनापुरात, स्टेशनापासून चालत दहा मिनिटांवर. ती मूळची हसनाबादची. तिच्या घरात बी.एड. झालेली ती पहिली, आणि हे ती कुणाला विसरू द्यायची नाही.

त्रेचाळिसाव्या वर्षी तिला दम लागायला लागला. फळ्यावर समीकरण लिहिताना ती मध्येच थांबायची, मुलांना वाटायचं मॅडम विचार करतायत. झोपली की खोकला यायचा, मग ती भिंतीला उशी लावून बसायची. दोन महिने दम्याच्या गोळ्या झाल्या. शेवटी जालन्याला एका डॉक्टरांनी छातीवर गार जेल लावून इको काढला आणि म्हणाले, हृदय पसरलंय, मोठं झालंय, जोर राहिलेला नाही.

बाहेर येऊन ती म्हणाली, "मोठ्या मनाची बाई म्हणून लोक नाव घ्यायचे माझं. हे असं निघालं बघा."

मी हसलो. ती नाही हसली.

पुढचं दीड वर्ष गोळ्यांत गेलं. हृदय बदलायचं म्हणून आम्ही हैदराबादच्या एका मोठ्या दवाखान्यात गेलो. तिथं तपासण्यांत कळलं की तिच्या फुप्फुसांतला दाब फार वाढलाय, नवीन हृदय त्या दाबापुढं टिकणार नाही. राहिला पंप. पैशाचं कसं जमलं ते मी इथं सांगत बसत नाही. दोन्हीकडच्या माणसांनी आणि एका ट्रस्टनं मिळून ते निभावलं.

पंप म्हणजे मुठीत मावेल एवढी धातूची वस्तू. हृदयाच्या डाव्या कप्प्याच्या टोकाला ती बसवतात. आत एक चक्र फिरतं, डाव्या कप्प्यातलं रक्त ओढतं आणि अंगभर जाणाऱ्या मोठ्या नळीत सोडतं. पोटातून एक वायर बाहेर येते, ती कमरेच्या कंट्रोलरला जोडलेली, आणि कंट्रोलरला दोन बॅटऱ्या. बॅटऱ्या खांद्यावरच्या पिशवीत. वायर ओली होऊ द्यायची नाही, ओढली जाऊ द्यायची नाही. डॉक्टरांनी मला आणि आमच्या मुलीला हे सगळं चार-चारदा करून दाखवायला लावलं. मुलगी तेव्हा अकरावीत होती. बॅटरी बदलायला ती माझ्या आधी शिकली.

मला वाटलं होतं, पंप बसला म्हणजे काम झालं. विहिरीवर मोटार बसवली, बटण दाबलं, पाणी आलं, तसं. पण हृदयात बसवलेल्या पंपाचा वेग ठरवावा लागतो, आणि तो बाहेरून अंदाजानं ठरत नाही. आत बघून ठरवावा लागतो. त्यासाठी परत तोच इको.

ऑपरेशननंतर काही आठवड्यांनी तिला त्या खोलीत नेलं. पडदे ओढून अंधार केलेला. तिला डाव्या कुशीवर झोपवलं. इको काढणाऱ्या बाई हैदराबादच्याच, पन्नाशीच्या, चष्मा कपाळावर चढवलेल्या, बोलायला मोकळ्या. त्यांचं दखनी आणि आमचं बोलणं फार लांबचं नाही, त्यामुळं पहिल्या पाच मिनिटांत जमलं. एका बाजूला डॉक्टर पंपाचा वेग बदलणारं यंत्र घेऊन उभे. ते शंभराच्या टप्प्यानं वेग वाढवायचे, आणि बाई तिच्या बरगड्यांमधून प्रोब दाबत पडद्यावर चित्र धरायच्या.

"वो देखो भाईसाब," बाई मला म्हणाल्या. "दोनों खानों के बीच में दीवार दिखरी? वो सीधी रहना. इत्ताच काम है."

मला आधी नुसती करडी धूळ हलताना दिसत होती. मग दिसलं. डाव्या आणि उजव्या कप्प्याच्या मध्ये एक जाड पडदा. वेग कमी असला की डावा कप्पा तुडुंब भरायचा आणि पडदा उजवीकडं कलायचा. वेग फार वाढवला की पंप डावा कप्पा शोषून घ्यायचा आणि पडदा डावीकडं ओढला जायचा. डॉक्टर हिंदीत समजावत होते, मी मराठीत सांगतो. ते म्हणाले, "डाव्या बाजूला पंप आहे, उजव्या बाजूला काहीच नाही. उजवी बाजू तिच्या स्वतःच्या ताकदीवर चालणार. पडदा डावीकडं गेला, तर उजवीचा आकार बिघडतो, ती थकते. म्हणून मला असा वेग पाहिजे की डाव्याचं ओझं उतरेल, पण उजवीला त्रास होणार नाही. आणि रक्त बाहेर सोडणारी झडप अधूनमधून तरी उघडली पाहिजे, नाहीतर ती जाम होते."

बायको कुशीवर पडल्या पडल्या म्हणाली, "म्हणजे दोन्हीकडून अट आहे. मधल्या किमती तेवढ्या चालतात."

"बराबर," डॉक्टर म्हणाले. बहुतेक रुग्ण असं बोलत नसावेत, कारण त्यांनी तिच्याकडं नीट बघितलं.

त्या दिवशी खालच्या अटीपासून वरच्या अटीपर्यंत बरंच अंतर होतं. पाच हजार दोनशेला चांगलं दिसत होतं, पाच हजार सहाशेलाही चालत होतं. डॉक्टरांनी पाच हजार चारशे ठरवले, मिनिटाला एवढे फेरे. तो आकडा एका कार्डावर लिहून दिला. ते कार्ड ती शाळेच्या ओळखपत्रामागं ठेवायची.

मग एक वर्ष चांगलं गेलं. हे मुद्दाम सांगतो, कारण पुढं जे झालं त्यात ते वर्ष बुडून जातं. ती परत शाळेत जायला लागली. आधी दोन तास, मग पूर्ण दिवस. घरी इन्व्हर्टर होता, शाळेत जादा बॅटऱ्यांची पिशवी मुख्याध्यापकांच्या कपाटात. बाजारात जाऊन मेथीची जुडी हातात घेऊन घासाघीस करायची. रात्री पंपाची बारीक घूं घूं अंथरुणात ऐकू यायची, आठवड्याभरात मला तिची सवय झाली. आवाज आहे म्हणजे ती आहे, असं माझं गणित झालं.

सातवीला नाडीचा धडा होता. सगळ्या मुलांनी एकमेकांची नाडी मोजली. एका मुलीनं मॅडमचा हात धरला. सापडेना. दुसरीनं धरला. वर्गातली निम्मी पोरं रांगेत उभी राहिली आणि एकालाही नाडी लागली नाही. पंप रक्त सलग ढकलतो, ठोक्याठोक्यानं नाही, म्हणून मनगटाला काही लागत नाही. ती घरी येऊन सांगत होती, "एक पोरगी रडायलाच लागली हो. म्हणली, मॅडम, तुम्ही मेल्या का? मंग मी तिचा कान छातीला लावला. म्हटलं, ऐक, गिरणी चालून राह्यली का न्हाई?"

ती हसत होती. आमची मुलगी मात्र उठून स्वयंपाकघरात गेली.

दुसऱ्या उन्हाळ्यात तिला जुलाब लागले. मे महिना, लग्नात कुठं तरी खाल्लेलं बाधलं असावं. सकाळपासून पाच-सहा वेळा झालं. हैदराबादच्या दवाखान्यातल्या नर्सला फोन केला तर ती म्हणाली, अंगातलं पाणी कमी होऊ देऊ नका, जवळ सलाइन लावून घ्या. मी रिक्षा आणेपर्यंत कंट्रोलर ओरडायला लागला होता. गावातल्या एका छोट्या दवाखान्यात पोचलो तोवर तिचे डोळे वर गेले.

तिथला डॉक्टर तरुण होता. त्यानं मनगट धरलं, गळ्याला बोटं लावली, बीपीच्या मशीननं दोनदा चूक दाखवली. तो ओरडला, "पल्स नाही! बाजूला व्हा," आणि तिच्या छातीवर दोन्ही तळहात टेकवले.

मी त्याचे हात धरले. आयुष्यात मी कुणाशी झोंबलो नव्हतो. "दाबू नका! आत पंप आहे. नाडी न्हाईच लागत तिची. सलाइन लावा, जल्दी लावा!"

तो क्षणभर माझ्याकडं वेड्याकडं बघावं तसा बघत राहिला. मी त्याचा हात ओढून तिच्या पोटातून येणाऱ्या वायरीवर ठेवला, मग पिशवी उघडून दाखवली. तेव्हा कुठं त्यानं कानाला स्टेथोस्कोप लावला आणि छातीत गिरणीचा आवाज ऐकला. त्याचा चेहरा उतरला. सलाइन लावलं. पहिली बाटली संपेपर्यंत अलार्म वाजत होता. डाव्या कप्प्यात रक्तच कमी होतं आणि पंप रिकाम्या जागेला ओढत होता. दुसऱ्या बाटलीला तो गप्प झाला. तिनं डोळे उघडले आणि पहिलं काय विचारलं तर, "पेपर तपासायचे राह्यलेत, गठ्ठा कुठंय?"

त्या डॉक्टरला मी दोष देत नाही. त्याला जे शिकवलं होतं ते तो करत होता. नंतर तो दोनदा घरी येऊन पंपाची माहिती लिहून घेऊन गेला.

पण त्यानंतर तिची तब्येत पहिल्यासारखी राहिली नाही. पाय सुजायला लागले. जेवणात दोन घासांतच पोट भरलं म्हणायची. जूनमध्ये आम्ही सिकंदराबादच्या गाडीनं परत हैदराबादला गेलो. तीच अंधारी खोली, त्याच बाई. या वेळी बाई पहिल्यासारख्या बोलत होत्या, पण मध्ये मध्ये थांबून एकच जागा परत परत मोजत होत्या.

उजवी बाजू पसरली होती. जुलाबानं झालं का आधीपासूनच हळूहळू होत होतं, ते डॉक्टरांनाही ठाम सांगता आलं नाही. पाच हजार चारशेला आता पडदा डावीकडं झुकलेला दिसत होता. वेग कमी केला तर पडदा सरळ व्हायचा, पण तेवढ्यात डावीकडची झडप जास्त गळायला लागायची, म्हणजे फुप्फुसात पाणी साठणार. खालची अट वर आली होती आणि वरची खाली.

"पाच हजार दोनशे," डॉक्टर म्हणाले. "याच्या अलीकडं-पलीकडं फार जागा नाही."

"पण चारशेवर मला पूर्ण तास बोलता येतं, सर," बायको म्हणाली. "दोनशेवर मी फळ्यापर्यंत चालले की थांबावं लागेल. मला कळतं ना."

"आज बरं वाटेल, मॅडम. पण चारशेवर ठेवलं तर तीन महिन्यांनी उजवी बाजू बंद पडेल."

तिनं ओळखपत्रामागचं कार्ड काढून पुढं केलं. मग म्हणाली, "ठीक आहे. कार्डावर लिहा."

त्या पावसाळ्यात ती खुर्चीवर बसून शिकवायला लागली. फळ्यावर मुलांनी लिहायचं, तिनं सांगायचं. मुलगी बारावी होऊन छत्रपती संभाजीनगरला कॉलेजला गेली, होस्टेलवर राहू लागली. घरात आम्ही दोघंच. रोज सकाळी मी तिला वजनकाट्यावर उभी करायचो आणि वजन दवाखान्याला मोबाइलवर पाठवायचो. दोन दिवसांत किलोभर वाढलं तर अंगात पाणी साठतंय असा अर्थ; मग तिकडून गोळी वाढवायचे नाहीतर बोलावून घ्यायचे.

आता जे सांगतो ते मी बरेच दिवस कुणाला सांगितलं नव्हतं.

जानेवारीचा शेवट होता. दहावीची परीक्षा तोंडावर. एका सकाळी काटा एका रात्रीत सातशे ग्रॅम वर गेलेला दिसला. मी मोबाइल हातात घेतला. तिनं तो माझ्या हातातून काढून टेबलावर पालथा ठेवला.

"अहो, आजचं कालचंच लिहा."

"कसं लिहू? सूज दिसून राह्यली घोट्याला."

"कळवलं की ते बोलावतील. गेले की पंधरा दिवस तिकडंच. पोरांचा भूमितीचा भाग तेवढा राह्यलाय. आठ दिवस द्या मला. आठ दिवसांनी मीच सांगते फोन करून."

"आणि काही झालं तर?"

ती म्हणाली, "जून महिन्यात मी ऐकलं ना डॉक्टरांचं? आता तुम्ही माझं ऐका."

मी कालचं वजन पाठवलं. दुसऱ्या दिवशीही तेच, शंभर ग्रॅम इकडं-तिकडं करून, म्हणजे खोटं वाटू नये. आयुष्यभर मी प्रयोगशाळेत उगवण मोजत आलो. बी उगवलं नाही तर शून्य लिहायचं, ही माझी सवय. आणि मी रोज सकाळी बसून वजन बनवत होतो. तिकडून रोज अंगठ्याचं चित्र यायचं. आठव्या दिवशी तिचा शेवटचा तास झाला. ती घरी आली तेव्हा चपला पायात जात नव्हत्या. ती त्या हातात धरून रिक्षातून उतरली. खरं वजन साडेपाच किलोनं वर होतं. डोळ्यांत पिवळी झाक आली होती.

फोन तिनंच केला, ठरल्याप्रमाणं. काय बोलली मला माहीत नाही, कारण मी बाहेर ओट्यावर बसलो होतो.

हैदराबादला चार दिवस औषधं देऊन पाणी उतरवलं आणि तिला परत त्या खोलीत नेलं. बाईंनी कपाळावरचा चष्मा डोळ्यांवर घेतला आणि काम सुरू केलं. या वेळी त्या काही बोलल्या नाहीत. मी खुर्चीवर बसून त्यांच्या पाठीकडं बघत होतो. डॉक्टरांनी पाच हजार दोनशेवरून खाली यायला सुरुवात केली. पाच हजार एकशे. पाच हजार. चार हजार नऊशे. पडदा डावीकडंच राहिला. चार हजार आठशेला ती खोकायला लागली, तिला उठवून बसवावं लागलं.

खोकला थांबल्यावर ती म्हणाली, "सर, स्क्रीन माझ्याकडं करा."

बाईंनी डॉक्टरांकडं बघितलं. त्यांनी मान हलवली. स्क्रीन फिरली.

डॉक्टरांनी परत एकदा, तिला दिसेल असं, सगळे टप्पे दाखवले. कमी वेगाला डावी बाजू तुंबते, झडप गळते, ही निळी-पिवळी ज्वाळा म्हणजे उलटं जाणारं रक्त. त्याच वेगाला उजवी बाजूही फुगलेलीच. जास्त वेगाला पडदा डावीकडच्या भिंतीला चिकटतो. ती वर्गात पोरांचं गणित बघावं तशी बघत होती, भुवया जवळ आणून.

"म्हणजे आता दोन्ही अटी पुऱ्या करणारा आकडाच न्हाई," ती म्हणाली.

"नाही," डॉक्टर म्हणाले.

"उजवीकडं दुसरा पंप?"

"तुमच्या लिव्हर-किडनीची अवस्था बघता तुम्ही त्या ऑपरेशनमधून उठणार नाही, असं मला वाटतं. औषधाचं ड्रिप चालू ठेवू शकतो. त्यानं काही आठवडे मिळतील."

बाईंनी तिच्या छातीवरचं जेल पुसलं. दोनदा पुसलं, कोरडं झाल्यावरही. "मॅडम," एवढंच म्हणाल्या आणि साडीचा पदर नीट करून दिला.

दुसऱ्या दिवशी डॉक्टर खोलीत येऊन खुर्ची ओढून बसले. त्यांनी सरळ विचारलं, शेवट जवळ आला तर पंपाचं काय करायचं. कारण पंपाला कळत नाही. माणूस गेलं तरी बॅटरी असेतोवर तो फिरत राहतो.

मी म्हणालो, "आत्ता कशाला हे?"

ती म्हणाली, "आत्ताच. नंतर मी कुठं बोलणार? ऐका. मी गेले, असं डॉक्टर म्हणले की वायर काढायची. आणि ती तुम्ही काढायची. अनोळखी माणसानं न्हाई, आणि पोरीनं तर बिलकुल न्हाई."

"माझ्याच्यानं होणार न्हाई."

"होईल. बॅटरी बदलायलाही होणार न्हाई म्हणत होते तुम्ही."

डॉक्टरांनी ते कागदावर लिहून घेतलं. तिनं सही केली, वळणदार, तारीख घालून.

तिला घरी यायचं होतं. जालन्यातल्या एका दवाखान्यानं ड्रिपची व्यवस्था बघायची तयारी दाखवली. ज्या डॉक्टरांनी पहिला इको काढला होता, त्यांचाच तो. पाच आठवडे ती बदनापुरात होती. मुलगी कॉलेज सोडून आली. शेजारपाजारचे, शाळेतले, हसनाबादचे, सगळे येऊन गेले. तिला बोलायचा कंटाळा यायचा, मग ती डोळे मिटून घ्यायची आणि माणसं उठायची. हात-पाय काड्यांसारखे झाले आणि पोट फुगलेलं. एकदा आरसा मागितला, बघितला आणि उलटा ठेवला. चिडचिड फार करायची. चहा गोड झाला म्हणून तिनं कप मुलीच्या अंगावर लोटला होता. हेही सांगायला हवं, नाहीतर लोकांना वाटतं माणसं शांतपणे जातात.

एका शुक्रवारी सकाळी तिला बोलता येईना, नीट ओळखही पटेना. आम्ही जालन्याला नेलं. दुपारी दोनच्या सुमाराला श्वास लांब लांब जायला लागला. मुलगी तिच्या पायाशी बसून तळवे चोळत होती. मग एक श्वास गेला आणि पुढचा आलाच नाही. आम्ही दोघं वाट बघत राहिलो.

पण घूं घूं चालूच होती.

मुलगी म्हणाली, "पप्पा, मशीन चालू आहे. म्हणजे मम्मी आहे ना?"

डॉक्टर आले. डोळ्यांत उजेड मारून बघितला. छातीला पट्ट्या लावल्या, कागदावर रेघ सरळ आली. तरी ते थांबले. त्यांनीही असा पंपवाला मृत्यू कधी बघितला नव्हता. हैदराबादला फोन लावला, आणि त्यांच्या सांगण्यावरून छोटं इकोचं मशीन खाटेजवळ आणलं. तिच्या छातीवर प्रोब ठेवला. मी बघितलं, कारण तोवर मला बघता यायला लागलं होतं. सगळे कप्पे थांबलेले. पडदा हलत नव्हता, झडप हलत नव्हती. टोकाला पंपाची तेवढी चमकदार सावली थरथरत होती.

"त्या गेल्यात," डॉक्टर म्हणाले. मग माझ्याकडं बघून हळू आवाजात, "तुम्ही करता का मी करू?"

मी मुलीला बाहेर जायला सांगितलं. ती गेली नाही. भिंतीकडं तोंड करून उभी राहिली. कंट्रोलरचं कुलूप कसं उघडायचं ते माझ्या बोटांना माहीत होतं, मला विचार करावा लागला नाही. लाल खूण मागं सरकवली, बटण दाबलं, वायर ओढली. घूं घूं थांबली, आणि लगेच कंट्रोलर किंचाळायला लागला. पंप सुटला, पंप सुटला, असं तो त्याच्या भाषेत सांगत होता. तो बंद करायचं बटण मला सापडेना. शिकवताना ते कधी लागलं नव्हतं. शेवटी डॉक्टरांनी हैदराबादच्या फोनवर विचारून ते दाबलं.

दुसऱ्या दिवशी बदनापुरात अंत्यविधी झाला. त्रिशरण-पंचशील घेताना दहावीची पोरं मागच्या रांगेत उभी होती. त्या दिवशी त्यांचा पेपर नव्हता. भूमितीचा पेपर बरा गेला, असं एकानं मला सांगितलं. मी त्याच्या खांद्यावर हात ठेवला.

महिन्याभरानं मी चार्जर, जादा बॅटऱ्या, दुसरा कंट्रोलर घेऊन हैदराबादला गेलो. दुसऱ्या कुणाच्या उपयोगी पडलं तर पडावं म्हणून. डॉक्टर भेटले. मी त्यांना आठ दिवसांच्या वजनाचं सांगितलं. सगळं, शंभर ग्रॅम इकडं-तिकडं केल्याचंसुद्धा.

त्यांनी खुर्ची वळवली. मग कॉम्प्युटरवर जूनमधला इको उघडला आणि मला जवळ बोलावलं. "उजवी बाजू बघा. इथंच दिसतंय, ती जाणार होती. ते आठ दिवस नसते तरी फार तर थोडं लांबलं असतं."

"किती थोडं?"

"ते चित्रात दिसत नाही," ते म्हणाले. रागावले होते की नाही, मला कळलं नाही. रागावले असते तर बरं झालं असतं.

परत आल्यावर मी मुलीलाही सांगितलं. लपवून ठेवणं मला जमेना. ती पोळ्या लाटत होती. लाटणं हातात धरून तिनं सगळं ऐकलं.

"तुम्ही दोघांनी ठरवलं," ती म्हणाली. "तिला पोरांची भूमिती पुरी करायची होती, तुम्हाला तिचं मन मोडायचं नव्हतं. मला कुणी विचारलं का? मी आले असते ना त्या आठ दिवसांत घरी."

तिनं राहिलेल्या पोळ्या लाटल्या, माझं ताट वाढलं, आणि स्वतः न जेवता आत गेली.

सोमवारी तिला कॉलेजला परत जायचं होतं. सकाळच्या गाडीला मी तिला स्टेशनवर सोडायला गेलो. बाकावर आम्ही दोघं बसलो, मध्ये तिची बॅग. गाडी अर्धा तास उशिरा होती. ती मोबाइलवर काही वाचत होती, मी रुळाकडं बघत होतो. गाडी आल्यावर मी बॅग उचलायला वाकलो तर ती म्हणाली, "राहू द्या पप्पा, मी घेते." दारातून आत गेल्यावर तिनं खिडकीतून हात बाहेर काढला नाही, पण खिडकीशी मात्र बसली.

आता ती दर रविवारी फोन करते. जेवलात का, गोळी घेतली का, असं विचारते. मीही तेच विचारतो. त्या आठ दिवसांबद्दल आम्ही परत बोललेलो नाही.